चाळिशी ओलांडल्यावर पियानो: पेटी येते, पण डाव्या हाताचं काय?

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी. वय ४६, राहायला सांगलीत विश्रामबागला, फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. गांधर्व महाविद्यालयाच्या प्रवेशिका पूर्णपर्यंत पेटी झाली आहे. भजनाची साथ जमते, साधी नाट्यपदं बसतात. आता पियानो शिकायचं मनात आहे. परीक्षा दिलीच पाहिजे असं नाही, पण नुसती टिवटिव करायची नाही, दोन्ही हातांनी नीट वाजवायचंय.

या वयात सुरू करून नेमका फायदा काय होतो? 'मेंदूला चांगलं' असं जो तो म्हणतो, त्यात खरं किती? पेटीचा उपयोग होईल की उलट सवयी आड येतील? आणि वाद्य कुठलं घ्यावं? बजेट ५० हजारांच्या आसपास. ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड १५ हजारांत मिळतो, मग ८८ कशाला, असं घरचे विचारतात, आणि माझ्याकडे उत्तर नाही.

रोज अर्धा-पाऊण तास देता येईल. जाणकारांनी सविस्तर सांगावं.

---

खालचा सा

पेटीच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं त्यावर अवलंबून आहे.

तयार काय आहे ते आधी. स्वर कानात आहेत, पट्ट्यांची रचना डोळ्यांत आहे, आणि उजव्या हाताचा अंगठा बोटांखालून सरकवायची सवय आहे. अगदी नवख्याला या तीन गोष्टींनाच बरेच महिने लागतात. शिवाय तालात राहून दुसऱ्याला सांभाळायची सवय असते. ती तर पियानोच्या वर्गात कुणी वेगळी शिकवतही नाही.

आता अडचण. पेटीत आवाजाचा लहानमोठेपणा भात्यावर असतो, बोटावर नाही. पट्टी हळू दाबा की जोरात, स्वर तोच. पियानोत सगळा खेळ पट्टी किती वेगाने खाली जाते यावर. पट्टी खाली जाताना आतली हातोडी उसळून तारेवर आदळते आणि लगेच मागे येते. त्यानंतर पट्टी कितीही दाबून धरली तरी स्वरात फरक पडत नाही, तो आपोआप विरत जातो. पेटीवाल्यांची बोटं मात्र पट्टीच्या तळाशी रुतून बसतात, कारण तिथे दाबून धरलं तरच स्वर टिकतो. पियानोवर तोच जोर मनगटात साठतो आणि पंधरा मिनिटांत हात आखडतो. म्हणून पहिला धडा असा: पट्टी वाजली की जोर सोडायचा, नुसतं बोटाचं वजन तिच्यावर ठेवायचं. एकेक स्वर वाजवून मनगट वर-खाली हलवून बघा. सहज हललं नाही तर जोर अजून अडकलेला आहे.

दुसरी सवय म्हणजे करंगळी. पेटीवर बरेच जण ती वाऱ्यावर सोडतात. पियानोत उजव्या करंगळीकडे बहुतेक वेळा चाल असते आणि डाव्या करंगळीकडे खर्ज. दोन्ही महत्त्वाच्या जागा सगळ्यात दुबळ्या बोटांकडे. करंगळी आडवी पाडून तिच्या कडेने पट्टी मारू नका. हात किंचित बाहेर वळवून बोट टोकावर उभं राहील असं बघा.

बोटांचे आकडे दोन्ही हातांत अंगठा १ ते करंगळी ५. पांढरी एकचा (म्हणजे सी या पट्टीला सा धरून) सरळ सप्तक उजव्या हाताने १-२-३-१-२-३-४-५, डाव्याने चढताना ५-४-३-२-१-३-२-१. पांढरी चारला उजवा हात बदलतो: १-२-३-४-१-२-३-४, कारण मध्यम काळ्या पट्टीवर येतो आणि अंगठा काळीवर टाकायचा नसतो. काळी एकला उजवा २-३-१-२-३-४-१-२. पेटीवर यातलं बरंचसं तुम्ही नकळत करत असाल, पण इथे आकडे ठरलेले ठेवा. दर वेळी बोटं बदलली की हाताला काहीच पाठ होत नाही.

आता डावा हात. आयुष्यभर भाता मारलेल्या हाताला अचानक पाच बोटं आहेत हे समजायला वेळ लागतो. यात क्रम चुकला की माणूस दोन महिन्यांत कंटाळतो, म्हणून जरा नीट सांगतो.

सुरुवातीला दोन्ही अंगठे मधल्या पांढरी एकवर ठेवा आणि हात एकमेकांपासून लांब न्या. उजवा सा रे ग म प, डावा त्याच वेळी सा नि ध प म असा खाली. दोन्ही हातांत एकाच वेळी तेच बोट पडतं, म्हणून हे सोपं जातं. एकाच दिशेने वाजवणं अवघड, कारण उजवा अंगठा पडतो तेव्हा डावी करंगळी पडते. ते दोन आठवड्यांनी घ्या.

मग डाव्या हाताला सा-प-ग-प असा घुमता ठेका द्या, बोटं ५-१-३-१, लय मिनिटाला ६० मात्रा. हा एकटा वाजवताना तोंडाने वेगळी चाल सरगममध्ये म्हणा. साथीची सवय असल्यामुळे इथे तुम्ही पुढे असाल. तोंड चालू असताना डावा हात न अडखळता आठ आवर्तनं चालला, तरच उजवा हात जोडायचा. तेही एक चाल घेऊन, दोन-दोन ओळींच्या तुकड्यात, निम्म्या लयीत. एकच चूक एकाच जागी तीनदा झाली की लय दहाने उतरवा. चौथ्यांदा तशीच वाजवली तर चूकच पक्की होते.

स्केल चेंजरची (पट्ट्या सरकवून सूर बदलता येणाऱ्या पेटीची) सवय असेल तर आणखी एक. डिजिटल पियानोवर ट्रान्सपोजचं बटण असतं, आणि ते दाबून कायम पांढरी एकमध्येच वाजवायचा मोह होतो. साथीला बसलात तर खुशाल वापरा, रियाजात नको. प्रत्येक स्केलमध्ये हाताचा आकार वेगळा बसतो. तोच शिकायचा असतो.

---

चष्मा आणि मनगट

मेंदूबद्दल. खोटं नाही, पण जाहिरातीत वाढवून सांगतात.

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ६० ते ८५ वयाच्या, संगीताची पार्श्वभूमी नसलेल्या लोकांपैकी काहींना सहा महिने पियानो शिकवला. लक्ष एकीकडून दुसरीकडे वळवणं आणि वेगाने खुणा जुळवणं मोजणाऱ्या कागदी चाचण्यांत शिकलेला गट पुढे गेला. पण एकूण माणसं ३१. ब्रिटनमध्ये २०२२ ला आलेल्या एका प्रयोगात आठवड्याला एक तास असे ११ आठवडे शिकवलं, तर डोळ्यांनी दिसलेलं आणि कानांनी ऐकलेलं एकाच क्षणाचं आहे की नाही हे ओळखणं सुधारलं. तोही गट लहानच. यावरून 'पियानोने स्मृतिभ्रंश टळतो' असं म्हणता येत नाही. पियानोने गणित सुधारतं वगैरे दावे तर मुलांच्या बाबतीतही नीट टिकलेले नाहीत.

ठाम सांगता येतं ते एवढं: ज्याचा सराव कराल ते सुधारतं. दोन हात वेगवेगळे चालवणं, डोळ्यांनी पुढची मात्रा वाचत हातांनी मागची वाजवणं, तीन-चार स्वर एकत्र वाजताना त्यातला प्रत्येक वेगळा ऐकू येणं. तुमच्यासाठी तिसरी गोष्ट सगळ्यात मोलाची. आपलं संगीत एका ओळीत चालतं, एकत्र स्वर ऐकायची कानाला सवयच नसते. आणि अर्धा तास फोन बाजूला राहतो. ते कुठल्या अभ्यासात मोजलेलं असो-नसो.

आता शरीराचं, कारण ४६ व्या वर्षी अडतं ते इथे.

डोळे: जवळचा चष्मा साधारण ४० सेंटिमीटरसाठी असतो, नोटेशन असतं ६० ते ७० सेंटिमीटरवर. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर माणूस खालच्या काचेतून बघायला मान मागे टाकतो, आणि महिन्याभरात मान दुखली की दोष पियानोला. डोळ्यांच्या डॉक्टरांना अंतर मोजून सांगा आणि तेवढ्याच अंतराचा वेगळा साधा चष्मा करून घ्या. कॉम्प्युटरसाठी करतात तोच.

हात: मधुमेह असेल तर खांदा आखडणं आणि बोट वाकल्यावर खटकन अडकणं हे दोन्ही जास्त आढळतं. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील तर मनगटातली शीर दबली असण्याची शक्यता आहे, ते आधी दाखवा. सरावात थकवा चालेल, दुखणं नाही. दुखलं की त्या दिवशी थांबा. सुरुवातीला सलग २० मिनिटं पुरे, मध्ये उठायचं. तासाभराचा सराव हवा असेल तर सकाळ-संध्याकाळ वाटून घ्या. रविवारी तीन तास बसणाऱ्यांचीच मनगटं धरतात.

---

फ्यूज गेला

वाद्याबद्दल मी सांगतो.

घरच्यांना ६१ आणि ८८ असं सांगू नका, त्यात त्यांचंच बरोबर ठरेल. पहिलं वर्ष ६१ पट्ट्या, म्हणजे पाच सप्तक, पुरतात. पेटीच्या तीन-साडेतीनपेक्षा ते जास्तच. फरक पट्टीच्या आतल्या यंत्रणेत आहे. साध्या कीबोर्डच्या पट्टीखाली स्प्रिंग असते. ती पट्टी हलकी, आणि खाली जाताना विरोध वाढत जातो. डिजिटल पियानोत पट्टीला खरं वजन जोडलेलं असतं: सुरुवातीला जड, मग सुटते. खर्जाकडच्या पट्ट्या जास्त जड, तारसप्तकाकडे हलक्या. वर 'खालचा सा' यांनी जोर सोडायचं सांगितलं आहे ते स्प्रिंगच्या पट्टीवर शिकताच येत नाही, कारण ती बोटाला सतत वर ढकलत असते.

तेव्हा दुकानात शब्द वापरायचा 'हॅमर अ‍ॅक्शन'. 'टच सेन्सिटिव्ह' म्हणजे तो नव्हे. टच सेन्सिटिव्ह १५ हजारांच्या कीबोर्डवरही लिहिलेलं असतं. 'सेमी वेटेड' म्हणजेसुद्धा स्प्रिंगच.

तुमच्या बजेटच्या आसपास यामाहा पी-१४५, कॅसिओ सीडीपी-एस११० आणि रोलंड एफपी-१० ही तीन बघा. किमती सणासुदीला हलतात. साधारण ४० ते ६० हजार धरून चला आणि त्यात स्टँड, बाक, हेडफोन वेगळे. रोलंडची पट्टी तिघांत जड, कॅसिओ आकाराने सडपातळ. तिन्हींत ताल वाजवून देणारी चैन नाही. ती नसलेलीच बरी.

स्टँडवर पैसे वाचवू नका. इंग्रजी एक्ससारखा कात्रीचा स्टँड जड पट्ट्यांखाली डुलतो आणि गुडघ्यांना आडवा येतो. चार पायांचा टेबलासारखा घ्या, किंवा फर्निचरवाल्याकडून करून घ्या. माप देतो. खऱ्या पियानोत पट्टीचा वरचा पृष्ठभाग जमिनीपासून साधारण ७२ ते ७४ सेंटिमीटरवर असतो. डिजिटलची पट्टी त्याच्या तळापासून १० ते १२ सेंटिमीटर वर असते, म्हणजे टेबल ६१-६२ सेंटिमीटरचं हवं. जेवणाचं टेबल ७५ चं असतं. त्यावर ठेवलं की पट्टी ८५ च्या वर जाते, खांदे उचलले जातात. निम्म्या लोकांची खांदेदुखी इथूनच सुरू होते. बसल्यावर कोपर पट्टीच्या पातळीत किंवा बोटभर वर यायला हवं. प्लास्टिकच्या खुर्चीला हात असतात ते कोपरांना अडतात, म्हणून बिनहाताचं स्टूल घ्या. उंची ४५ ते ५०, उंची कमीजास्त करता येणारं असेल तर उत्तम. आणि हो, मांडी घालून जमिनीवर बसून चालणार नाही. पेडल पायाने दाबायचं असतं.

वीज: अडॅप्टर बहुतेक १२ व्होल्टचा, भार फारच कमी, त्यामुळे घरच्या इन्व्हर्टरवर आरामात चालतो. वळिवाच्या दिवसांत ढग गडगडायला लागले की प्लग काढून ठेवायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. हेडफोनमध्ये गुणगुण येत असेल तर घरातलं अर्थिंग तपासून घ्या.

हेडफोन वायरचेच. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित मागून येतो. तेवढा उशीर कानाला कळतो आणि लय बिघडते.

---

गावभाग

वरच्या सगळ्यांना अनुमोदन. शिक्षकांचं राहिलं.

कीबोर्डचे वर्ग गल्लोगल्ली आहेत. त्यातले बरेच जण उजव्या हाताने चाल आणि डाव्या हाताने दोन-तीन पट्ट्या धरून यंत्राचा ठेका लावतात. ऑर्केस्ट्रासाठी ते ठीक, पण तुम्हाला हवंय ते हे नाही. चौकशीला गेलात की दोन प्रश्न विचारा: डाव्या हाताच्या ओळी लिहिलेल्या तशा वाजवून घेणार का? आणि पाच रेघांचं नोटेशन दोन्ही हातांचं शिकवणार का? उत्तर 'ते नंतर बघू' असेल तर दुसरीकडे बघा.

जवळ कुणी मिळालं नाही तर ऑनलाइन शिकता येतं, फक्त मांडणी नीट हवी. फोन उजव्या बाजूला वर, पट्ट्यांकडे तिरका झुकलेला, दोन्ही हात आणि मनगटं दिसतील असा. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करा. नाहीतर ते अ‍ॅप बोलण्याशिवायचा आवाज गोंगाट समजून कापतं आणि शिक्षकांना स्वर अर्धवट ऐकू जातात. मग ते 'पट्टी सोडू नका' म्हणत राहतात आणि तुम्ही 'धरलीय हो' म्हणत राहता.

परीक्षा नको म्हणालात, तरी अभ्यासक्रम म्हणून ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळांच्या ग्रेड वापरा. वयाची अट नाही. पहिली ते आठवी अशा आठ ग्रेड. एबीआरएसएमची परफॉर्मन्स ग्रेड घरी व्हिडिओ करून देता येते, चार रचना सलग वाजवायच्या. त्यांची सहावी किंवा पुढची ग्रेड द्यायची असेल तर आधी साधारणपणे पाचवीची थिअरी व्हावी लागते, हे आत्ताच माहीत असू द्या. पेटी येत असलेल्याला रोज अर्ध्या तासाने पहिल्या ग्रेडपर्यंत साधारण वर्ष धरा. आठ महिन्यांत झालं तर छानच, पण घाईत वाचन मागे पडतं.

वाचनाचं पेटीवाल्यांना फार जड जातं, कारण कान तयार असतो. एकदा ऐकलं की हात वाजवतो, डोळे कागदावर नसतातच. उपाय: रोज पाच मिनिटं अनोळखी, अगदी बाळबोध ओळी वाचा, आणि एकदा वाजवून झालं की ती पुन्हा वाजवायची नाही. सगळ्या रेघा पाठ करत बसू नका. तीन खुणा धरा. मधला सी दोन्ही जाळ्यांच्या (पाच-पाच रेघांच्या) मध्ये, उजव्या हाताच्या जाळीत खालून दुसऱ्या रेघेवर जी, डाव्या हाताच्या जाळीत खालून चौथ्या रेघेवर एफ. बाकीचे स्वर तिथून वर-खाली मोजायचे. सी म्हणजे पांढरी एक, एफ चार, जी पाच.

---

खालचा सा

'कान तयार असतो' यावरून आठवलं. काही दिवसांनी हे नक्की होणार, म्हणून आत्ताच सांगतो.

भूप वाजवायला घ्याल आणि डाव्या हाताने नेहमीचे तीन कॉर्ड (एकत्र वाजवायचे तीन-तीन स्वर) लावाल. दुसऱ्याच ओळीत राग मोडेल आणि कारण कळणार नाही. पुस्तकातले तीन कॉर्ड म्हणजे सा-ग-प, म-ध-सा आणि प-नि-रे. भूपात म आणि नि वर्ज्य, म्हणजे तीनपैकी दोन बाद. भूपाच्या पाच स्वरांत दोनच कॉर्ड बसतात: सा-ग-प आणि ध-सा-ग. दुर्गात म-ध-सा आणि रे-म-ध. मालकंसात कोमल ध-सा-कोमल ग आणि म-कोमल ध-सा. पंचम वर्ज्य असलेल्या रागात सा-प धरून ठेवला तर काय होतं ते ऐकूनच बघा, सांगायला नको. तिथे सा-म.

आणि शुद्ध गांधार थोडा चढा लागेल. तुमची पेटी गांधार ट्यूनिंगची असेल तर जास्तच टोचेल. पियानोत सप्तकाचे बारा समान भाग असतात आणि त्यामुळे गांधार नैसर्गिक स्वरापेक्षा सुमारे १४ सेंट वर बसतो. एका अर्ध्या स्वराचे १०० सेंट. वाद्य खराब नाही, दुकानदाराशी भांडू नका.

---

विश्रामबागकर

एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं, आभार. टेबलाचं माप सुताराला पाठवलंसुद्धा.

आता दोन उपप्रश्न. एका ओळखीच्यांकडे जुना उभा खरा पियानो आहे, ते ६० हजारांत द्यायला तयार आहेत. 'खऱ्याची सर डिजिटलला नाही' असंही ऐकतो. घ्यावा का? आणि डिजिटल घेतला तर खालच्या मजल्यावर त्रास होईल का? खाली वयस्कर मंडळी आहेत.

---

फ्यूज गेला

खऱ्याची सर नाही हे खरं, पण ते चालू स्थितीतल्या खऱ्याबद्दल.

उभ्या पियानोत सुमारे २२० ते २३० तारा असतात, कारण वरच्या बहुतेक स्वरांना तीन-तीन तारा लागतात. सगळा ताण मिळून कित्येक टन होतो, आणि तो लोखंडी चौकटीवर आणि खुंट्या ठोकलेल्या लाकडी फळीवर असतो. जुन्या वाद्याचं मरण त्या फळीत असतं. फळी सैल झाली की खुंट्या धरत नाहीत, आज जुळवलं की पंधरवड्यात उतरतं.

बघायला जाताना फोनवर ट्यूनर अ‍ॅप घेऊन जा. मधल्या सप्तकातली पांढरी सहा दाबा. ४४० हर्ट्झ यायला हवा. ४३५ वगैरे असेल तर जुळवता येईल. ४१५ च्या आसपास असेल तर वाद्य अख्खा अर्धा स्वर उतरलेलं आहे, म्हणजे काळी चार बोलतेय. ते वर चढवायला दोन-तीनदा जुळवावं लागतं आणि गंजलेल्या तारा तुटतात. मग वरचं झाकण उघडा. हातोड्यांच्या पुढे उभ्या तारांची पिंजऱ्यासारखी रांग दिसली तर ती जुनी बर्डकेज पद्धत. त्यात पट्टी सोडल्यावर स्वर नीट थांबत नाही. फुकट दिला तरी विचार करा. हातोड्यांच्या फेल्टला कसर लागली आहे का, तळाशी वाळवीची माती आहे का, उंदरांनी फेल्ट कुरतडलंय का हे टॉर्च मारून बघा. मागच्या बाजूच्या मोठ्या फळीला चीर असेल तर ती बोटाने दाबून बघा. वाजवताना झणझण येत नसेल तर बारीक चीर चालते.

हवा आपल्याकडे सोयीची नाही. पियानोला ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे एप्रिलमध्ये हवा कोरडीठाक आणि जुलै-ऑगस्टमध्ये भिंती घामेजतात. पावसाळ्यात मागची फळी फुगते, तारा ताणल्या जातात, मधले स्वर चढतात. उन्हाळ्यात ती आकसते आणि ते उतरतात. पट्ट्यांच्या भोकांतलं फेल्ट फुगून पट्टी खाली अडकते ती वेगळीच. वर्षातून दोनदा जुळवणी धरा, पावसाळा संपून हवा कोरडी झाल्यावर एकदा आणि मार्च-एप्रिलमध्ये एकदा. पावसात करू नका, पैसे वाया जातात. मिरजेत तंतुवाद्यांचे नामांकित कारागीर आहेत म्हणून तिथे जमेल असं समजू नका. सतार-तंबोऱ्याची जवारी आणि पियानोची यंत्रणा ही कामं वेगळी आहेत. माणूस पुण्या-मुंबईहून बोलवावा लागेल, येण्याजाण्याच्या खर्चासकट.

वजन २०० किलोच्या पुढे, जिना, वळणं. दुसरा मजला असल्याने पुराची भीती तरी नाही. नदीकडच्या भागात २००५, २०१९ आणि २०२१ बघितलेल्यांना तळमजल्यावर पियानो ठेवा असं सांगवत नाही.

माझं मत: ६० हजार, वाहतूक आणि पहिल्या वर्षाची दुरुस्ती धरली तर हा तुमचा पहिला पियानो नव्हे.

---

चष्मा आणि मनगट

खालच्या मजल्याबद्दल. हेडफोन लावला म्हणजे आवाज गेला असं वाटतं, पण वजनदार पट्ट्या तळाशी आपटतात तो ठकठक आवाज स्टँडच्या पायांतून स्लॅबमध्ये उतरतो. वर बसलेल्याला कळत नाही, खाली कळतो. पायांखाली रबराचे जाड तुकडे आणि त्याखाली जाड सतरंजी किंवा जिममध्ये असतात तसल्या मॅट टाका. स्टँड भिंतीला चिकटवू नका. पेडलच्या खालीही मॅट हवी, टाचेचा आवाज तिथून जातो.

हेडफोनचा आवाज अर्ध्याच्या खाली ठेवा. एकांतात माणूस तो वाढवत नेतो आणि मग हलकं वाजवायचं विसरतो.

---

गावभाग

पेडलचा विषय निघालाच आहे तर. पेटीवाल्यांना पेडल फार आवडतं, कारण स्वर टिकतो. मग पाय उचललाच जात नाही आणि सगळा चिखल होतो. पहिले तीन महिने पेडल काढून ठेवा. नंतर शिकाल तेव्हा क्रम असा: कॉर्ड वाजवा, मग पेडल दाबा. पुढचा कॉर्ड वाजतो त्याच क्षणी पाय वर, आणि लगेच पुन्हा खाली. हात खाली जातो तेव्हा पाय वर येतो. हे उलटं वाटतं, म्हणून आधी दोनच कॉर्डवर, अगदी संथ करून बघा. टाच जमिनीवरच राहिली पाहिजे.

नव्या वाद्याचं पेडल उलटं चालतंय, म्हणजे सोडल्यावर स्वर टिकतोय, असं दिसलं तर घाबरू नका. बऱ्याच वाद्यांत चालू करताना पेडलवर पाय असला की असं होतं. बंद करून पाय काढा, पुन्हा चालू करा.

---

विश्रामबागकर

जुना पियानो रद्द. पुढच्या आठवड्यात दुकानात जाऊन तिन्ही डिजिटल बघतो. तिथे उभ्या उभ्या काय तपासू?

---

फ्यूज गेला

उभ्या उभ्या नाही, स्टूल मागून बसा. पट्टीचं वजन उभं राहून कळत नाही.

आवाज निम्म्यावर ठेवा. मधली एक पट्टी इतकी हळू दाबा की स्वर येणारच नाही, मग किंचित वेगाने. अगदी हलका स्वर तुमच्या ताब्यात येतो का बघा. स्वस्त यंत्रात तो एकदम उडी मारून मोठा होतो. तीच पट्टी पूर्ण वर न येऊ देता भराभर पाच-सहा वेळा वाजवा, स्वर गळतात का. काळ्या पट्ट्या मागच्या टोकाशी दाबून बघा. छोट्या यंत्रात तिथे खूप जड लागतं आणि काळी एक, काळी चारमध्ये वाजवताना त्याचा त्रास होतो. पेडल दाबून खर्जाचा एक स्वर वाजवा आणि तो किती वेळ विरतो ते ऐका, मध्येच तुटायला नको. हेडफोन स्वतःचा घेऊन जा. जोडायची पिन जाड की बारीक तेही तिथेच बघा.

सोबत येणारं पेडल चौकोनी, पातळ, पायाखाली सरकणारं असतं. त्याऐवजी पियानोसारखं लांब धातूचं वेगळं मिळतं, दीड-दोन हजारांपासून, ते पाय स्थिर ठेवतं. बिलावर यंत्राचा अनुक्रमांक लिहून घ्या आणि खोका वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा. दुरुस्तीला पाठवायची वेळ आली तर त्या आकाराचा खोका बाहेर मिळत नाही.